बापूसाहेब, मुक्ता आणि बाटली

आमच्या शेजारचे बापूसाहेब स्वतःच्याच घरात खाकरल्याशिवाय पाऊल टाकत नाहीत. घरात सूनबाई असतात, त्यांनी पदर सावरावा, म्हणून ही वर्दी. सूनबाई, म्हणजे रेवा, घरात जीन्स घालते, तेव्हा सावरायला पदर नसतोच. पण खाकरणं चुकत नाही. मागे एकदा सगळे बाहेर गेले होते, कुलूप बापूसाहेबांनी स्वतः उघडलं आणि रिकाम्या बैठकीसमोर उभं राहून खाकरले. मी माझ्या ओट्यावरून म्हटलं, "बापूसाहेब, आत कोणी नाहीये."

"पद्धत असते, वहिनी," ते म्हणाले आणि आत गेले.

त्यांचे पणजोबा म्हणे ग्वाल्हेरच्या दरबारात पानसुपारीच्या तबकांवर देखरेख करत. दरबार गेला, तबकं गेली, देखरेख तेवढी राहिली. बापूसाहेबांनी स्वतः सगळी नोकरी सिंचाई विभागातल्या फायलींमागे काढली, पण इथल्या जयेंद्रगंजात भाजी आणायला निघाले तरी मिशीला पीळ देऊन निघतात. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो इथे मिशीत उतरला आहे.

सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही, हीही पद्धतच. मध्ये माणूस लागतो. बापूसाहेबांच्या पत्नी होत्या तोवर हे काम त्यांच्याकडे होतं, त्या गेल्या आणि ते माझ्याकडे आलं. "वहिनी, सूनबाईंना सांगा, भाजीत मीठ जास्त झालंय." सूनबाई तिथंच उभी असते. ती म्हणते, "काकू, बाबांना सांगा, उद्यापासून कमी घालीन." मी तोंडसुद्धा उघडत नाही आणि निरोप पोचलेला असतो.

अशा घरात मुक्ता पाच महिन्यांची झाली आणि रेवाची बँकेतली रजा संपत आली. मुक्ता अंगावर पिणारी. रेवानं दूध काढून ठेवायचं आणि दिवसा ते बाटलीनं पाजायचं, असं सर्वानुमते ठरलं. मुक्ताला कोणी विचारलं नव्हतं. बाटली ओठाला लागली की ती तोंड फिरवायची आणि घर डोक्यावर घ्यायची.

रेवाच्या आईचा इंदूरहून फोन आला. "बदली मागून घे इकडे. माझ्या हातून न पिणारं मूल अजून जन्माला यायचंय." रेवाचा नवरा विक्रम घरूनच कंपनीचं काम करतो, त्याला लॅपटॉप ठेवायला इंदूर काय नि ग्वाल्हेर काय. म्हणजे मुक्तानं बाटली घेतली नाही तर तिघं इंदूरला जाणार आणि बापूसाहेब त्या घरात एकटे, हवं तेवढं खाकरायला मोकळे.

माझ्याशी त्यांनी विषय काढला तो भलत्याच अंगानं. "इंदूरवाले पोह्यांवर शेव घालतात, वहिनी. ते लेकराला काय वळण लावणार?" आणि मोहीम त्यांनी स्वतःच्या हाती घेतली.

पहिल्या दिवशी कपाटातून बाळांना दूध पाजायचं चांदीचं बोंडलं निघालं, कारण प्लास्टिक त्यांच्या घराण्यात चालत नाही. बोंडलं तबकात, तबकावर जरीचा रुमाल. मुक्तानं पहिला घोट त्यांच्या मिशीवर परत केला. दुसऱ्या दिवशी बोंडल्याच्या जागी बाटली आली, तबक मात्र तेच. मुक्तानं जरीचा रुमाल चघळला, दुधाला शिवली नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आईनं पाजू नये, तेवढा वेळ घरातही थांबू नये. बाळ भुकेनं रडायला लागण्याआधी बाटली द्या. आणि आईची अंगावरची ओढणी जवळ असू द्या, वास ओळखीचा लागतो.

आता सुनेची वापरलेली ओढणी सासऱ्यानं मागायची कशी? बापूसाहेब माझ्याकडे येऊन बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. "वहिनी, ते जरा... सूनबाईंचं... एक वस्त्र." मी मागून आणून दिलं. दुसऱ्या दिवशी बघते तर मुक्ता त्या ओढणीपासून तोंड फिरवतेय. हात लावला तर ओढणी पापडासारखी कडक. बापूसाहेबांनी ती धुऊन, खळ घालून, इस्त्री करून आणली होती.

"अहो, वासासाठी होती ना ती?"

"सूनबाईंचं पारोसं वस्त्र मी खांद्यावर घ्यायचं? पद्धत असते, वहिनी."

मला रागच आला. "मग पद्धत सांभाळा आणि त्यांना इंदूरला पोचवून या," मी म्हटलं.

 ते फाटकापर्यंत गेले, परत आले. "दुसरी आणून देता?"

रेवा बँकेत रुजू होण्याच्या आदल्या दिवशी मी तिला माझ्या स्वयंपाकघरात बसवलं आणि दारातून बघत राहिले. त्यांच्या अंगणात बापूसाहेब, खांद्यावरून गुलाबी ओढणी, मांडीवर मुक्ता. त्यांनी दुधाचा थेंब मनगटावर घेऊन बघितला. दूधवाला फाटकाशी आला आणि ते दृश्य बघून आल्या पावली परत गेला. मुक्ता तोंड घट्ट मिटून बसलेली. बापूसाहेबांना काही सुचेना, तेव्हा सवयीनं ते खाकरले. मुक्ता खुदकन हसली, आणि उघडलेल्या तोंडात बाटली गेली. दोनदा जिभेनं ढकलून बघितली आणि मग चोखायला लागली. इकडे रेवा स्वयंपाकाच्या ओट्याला टेकून रडत होती.

"हिला फक्त माझ्याच हातून लागतं," हे मग अख्ख्या जयेंद्रगंजाला कळलं. बदलीचा विषय मागे पडला.

पुढे एकदा बापूसाहेबांची दाढ ठणकली, तेव्हा मुक्ताला माझ्याकडे देऊन ते इंदरगंजात दाताच्या डॉक्टरकडे गेले. मुक्ता माझ्या हातून सगळी बाटली प्यायली. ओढणी नाही, खाकरणं नाही. ते परत आले आणि रिकाम्या बाटलीकडे बघत उभे राहिले.

"वहिनी, हे सूनबाईंना नका सांगू," ते गालात कापूस धरून म्हणाले. "कोणाच्याही हातून पिते म्हटल्यावर इंदूर काही लांब नाही. आणि घर फार मोठं आहे हो." मिशीला पीळ द्यायला हात वर गेला आणि तसाच खाली आला.

त्याच आठवड्यात रेवानं माझ्या फाटकाशी स्कूटर थांबवली. "काकू, एक बात सांगू? रविवारी विक्रमने पाजलं तर मुक्तानं पूरी बाटली संपवली. बाबांना सांगू नका हं. त्यांना वाटतं, तिला फक्त त्यांच्याच हातून लागतं. वाटू द्या ना."

"आणि इंदूर?"

"आईला मी सांगून टाकलंय, इथं जम गया आहे आमचं."

इतकी वर्षं ह्या घराचे निरोप मी इकडून तिकडे पोचवले. हे दोन तेवढे पोटात ठेवले आहेत.

रेवानं हेल्मेट काढलं आणि आपल्या दाराशी गेली. आत मुक्ताची दुधाची वेळ होती, आणि बापूसाहेब अजून ओढणी घेऊनच बसतात. काढून ठेवायला त्यांना जरा वेळ लागतो. रेवा उंबऱ्यापाशी थांबली, आणि खाकरून मग आत गेली.