जागेवर देवी आढळली

बसवेशने कागद वाचून संपवला, तरी कोणीच काही बोलले नाही. नवरात्राच्या घटासमोरचा दिवा तेवढा एकदा थरथरला. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत शांतता सहसा येत नसे. आली की परक्या पाहुण्यासारखी अवघडून बसे आणि कोणी चहाचे विचारील का, याची वाट पाही.

निंगव्वा उखळाशी बसली होती, मुसळ आडवे मांडीवर घेऊन. मायाक्का दाराशी, रिकाम्या पिशव्यांच्या गठ्ठ्याशेजारी. दोघी जावा. थोरला भाऊ वारला तशी घराची मालकी निंगव्वाकडे आली. धाकटा, म्हणजे मायाक्काचा नवरा, यंत्रमागावर पाळीला जाई. घरातला खरा आवाज उखळाचा होता. निंगव्वा भाजलेल्या शेंगा, लसूण आणि तिखट तेल सुटेपर्यंत कुटायची आणि मायाक्का ती चटणी बांधून गावभर पोचवायची. चौदा वर्षे हे असेच चालले होते. मग लांब पुण्याच्या एका दुकानाने निरोप धाडला: दिवाळीसाठी दोनशे किलो हवी, पण जीएसटी नंबर असेल तरच.

"परत वाच की," निंगव्वा म्हणाली.

बसवेश हा पेठेतला करसल्लागार. लोकांचे अर्ज भरता भरता त्याचा स्वतःचा आवाजही अर्जासारखा झाला होता. "मी, निंगव्वा, लिहून देते की, माझ्या मालकीच्या जागेत मायाक्का हिने तिचा शेंगाचटणीचा व्यवसाय करण्यास माझी काही हरकत नाही."

"तिचा."

"अर्जात मालक एकच लागतो, अक्का. पॅनकार्ड हिच्याकडं आहे. लाईटबिल तुमच्या नावावर. म्हणून ही संमती."

"म्हंजे ती धंदा," निंगव्वा सावकाश म्हणाली, "आन् मी जागा."

"अक्का, कागदाचं काय मनावर घेताव?" मायाक्का म्हणाली. "दिवाळीला माल न्हाई गेला तर पुण्याचं दुकान दुसरं गिऱ्हाईक बघंल. तुमच्या हाताची चटणी पुण्याला जाऊ दे की."

"हात हाय व्हय कागदात? मला तर न्हाय दिसला."

तरी तिने सही केली. माहेरी, मैंदर्गीच्या शाळेत चार इयत्तांत शिकलेली गोल, कानडी सही. ती करताना ती एकेक अक्षर असे ठेवत गेली, की जणू जागेतली एकेक वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात देत होती. नंतरचे आठ दिवस तिने चटणी कुटली. पण कुटताना ती जे गुणगुणायची, ते बंद झाले.

खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारांना विश्रांती असते आणि जे वर्षभर राबते त्याच्यापुढे माणसाने बसायचे असते. निंगव्वाने उखळ धुऊन कोरडे केले, मुसळ त्यात उभे केले, त्याला हिरवा खण नेसवला, झेंडूचा हार घातला आणि तिच्या आईच्या रिवाजाप्रमाणे कुंकवाने दोन डोळे रेखले. वजनकाटा आणि पिशव्या चिकटवायचे मशीन पायाशी, फुलांखाली. कडक भाकरी आणि आदल्या दिवशीची चटणी, असा नैवेद्य. मायाक्का शेंगा आणायला माहेरी, मंद्रूपला गेली होती.

आणि दारात कर कार्यालयाचे निरीक्षक उभे राहिले. अभिमन्यू त्यांचे नाव. वय कोवळे, हातात मोबाइल. अर्जदाराची जागा डोळ्यांनी पाहून फोटो काढायचा, एवढेच काम. पण उंबऱ्यातून त्यांना कुंकवाचे दोन डोळे दिसले आणि त्यांचा हात आपोआप बुटांकडे गेला. बूट काढून ते आत आले, हात जोडले, बसले.

"बर्री, बर्री, या साहेब," निंगव्वा म्हणाली आणि तिने पान वाढले.

"इथं काय चालतं, आजी?"

"आज काय बी चालत न्हाय. आज हिला हात लावायचा न्हाय."

"आणि एरवी?"

"एरवी आमी दिवसभर हिच्याम्होरंच असतो की. हीच खायला घालती."

साहेबांनी मान डोलावली. श्रद्धेपुढे सरकारने नेहमीच मान डोलावली आहे. "मायाक्का कोण?"

"माजी जाऊ. गावाला गेलीय."

"त्यांचा इथं धंदा आहे ना?"

निंगव्वाच्या आतापर्यंतच्या बोलण्यात एकही शब्द खोटा नव्हता, आणि याही वेळी तिने खोटे बोलायचे टाळले. "कागदावर तसं हाय म्हंत्यात."

साहेबांनी हात जोडलेल्या निंगव्वासह देवीचा फोटो घेतला. प्रसाद फार आवडला म्हणून तीनदा मागून घेतला. ज्या मालाचा पुरावा शोधायला ते आले होते, तो त्यांनी बोटे चाटून संपवला आणि निरोप घेतला.

दसरा उलटून तीन दिवस झाले आणि बसवेश धावत आला. "नोटीस! ऐका. 'पाहणीच्या वेळी जागेवर व्यवसाय आढळला नाही. जागेवर देवी आढळली. भाविकांना प्रसाद देण्यात येत होता. अर्ज का नाकारू नये, याचे उत्तर सात दिवसांत द्यावे.'"

मायाक्काने डोक्याला हात लावला. "भाविक? कोन भाविक?"

"साहेबच," निंगव्वा म्हणाली. "एकटंच हुतं. पर तीन मानसांचं खाल्लं."

"अक्का, उखळ हाय म्हून एक शब्द सांगितला असता तर काय झालं असतं?"

"जागेला कुटं तोंड असतंय?"

चौदा वर्षांत पहिल्यांदाच मायाक्काला थोरल्या जावेचे हात दिसले: तळव्यांवरचे घट्टे, नखांत कायमचा बसलेला तिखटाचा तांबूस रंग. रोज पाहिलेली वस्तू न दिसण्याची सवय माणसाला फार लवकर लागते. ती सवय तुटते तेव्हा मात्र आवाज येत नाही.

उत्तर लिहिताना बसवेशची लेखणी प्रथमच काव्याकडे झुकली. 'सदर देवी ही मुळात उखळ असून ती वर्षातून एकच दिवस देवी असते. उर्वरित दिवस ती व्यवसायाचे साधन आहे. तरी फेरपाहणी व्हावी.'

फेरपाहणीच्या दिवशी संशयाला जागाच उरू नये, असे मायाक्काने ठरवले. पहाटेपासून शेंगा भाजल्या, लसूण सोलला, आणि साहेब गल्लीत दिसताच तिने स्वतः उखळात सुक्या मिरच्यांचे टोपले रिकामे करून मुसळ मारायला सुरुवात केली. तिला कुटायचा सराव नव्हता. पाच घावांत तांबडा ढग उठला, दाराबाहेर पडला आणि शेजारची तीन घरे शिंकू लागली.

"मुसळ उचलती का उडवती? सर तिकडं!" निंगव्वाने पदर नाकाला बांधून मुसळ तिच्या हातातून काढून घेतले. "मनगट न्हाय, खांदा वापरायचा. आन् आधी चिमूटभर मीठ टाकावं, मिरची उडत न्हाय. तुला कोन सांगायचं? तू मालकीण!"

साहेब या वेळी बूट घालूनच आत आले, आणि लगेच शिंकले. मग पुन्हा. मोबाइल हातातून सुटून थेट शेंगांच्या परातीत पडला. फोटो निघाला तो त्यांच्याच रडक्या चेहऱ्याचा.

"व्यवसाय आहे," ते डोळे पुसत म्हणाले. "कबूल. पण आजी, त्या दिवशी तुम्ही सांगितलं का नाही?"

"तुमी आल्या आल्या हात जोडला. हात जोडलेल्या मानसाला 'ह्यो दगड हाय' म्हून कसं सांगावं?"

साहेब ओशाळले. "खरं म्हणजे त्या दिवशी मी आलोच नसतो. ऑफिसात कॉम्प्युटरची पूजा होती. मोठे साहेब म्हणाले, आज हात लावू नका, बाहेरची कामं करून या."

"व्हय? मग तवा तितं कोन आलं असतं, हार बघितला असता, आन् लिवलं असतं की हितं हापीस न्हाय, देऊळ हाय, तर?"

साहेबांनी उत्तर म्हणून एक लांबलचक शिंक दिली आणि दुसरा फोटो काढला. त्यात उखळ होते, मुसळ होते आणि मुसळावर निंगव्वाचे दोन हात होते. मायाक्का कडेला, अर्धी धुरळ्यात.

वसुबारसेच्या चार दिवस आधी नंबर आला. दोनशे किलो चटणी पुण्याच्या टेम्पोत चढली. निंगव्वाने प्रमाणपत्र उखळाच्या वर भिंतीला लावू दिले, त्याला कुंकवाचे बोटही लावले; पण त्यावरचे एकटे नाव बसवेशकडून दोनदा वाचून घेतले.

तेव्हा मायाक्काने विचारले, "बसवेश, ह्यात दोन नावं घालायची असली तर?"

"दोन नावं?" बसवेश पांढराफटक पडला. "म्हणजे भागीदारी. अक्कांचं पॅनकार्ड काढा. भागीदारीचा कागद. त्या भागीदारीचं वेगळं पॅनकार्ड. मग नवा अर्ज, नवा नंबर. आणि पुन्हा पाहणी."

"हा नंबर तवर चालंल न्हवं?"

"चालेल. पण कशाला, वहिनी? आत्ताच तर सुटलोय!"

"कुटनारा हात कागदात न्हाई म्हून."

निंगव्वा मुसळावरून उतरवून धुतलेल्या हिरव्या खणाची घडी घालत होती. घडी मध्येच थांबली, मग पुन्हा सुरू झाली, पूर्वीपेक्षा जरा हळू. किती दिवसांनी कोण जाणे, ती काहीतरी गुणगुणत होती.

"सगळं व्हायला वर्ष जाईल," बसवेश बोटे मोजत पुटपुटला. "पाहणी येईल ती पुढच्या नवरात्राच्या आसपास."

मायाक्का दचकली. ती जावेकडे वळली आणि बराच विचार करून तिने जपून विचारले, "अक्का, समजा, पुन्यांदा खंडेनवमीलाच साहेब आलं, आन् इचारलं की हितं काय चालतंय, तर तुमी काय सांगताल?"

निंगव्वाने खणाची शेवटची घडी तळव्याने दाबून बसवली, वर्षभर लागणार नाही अशी वस्तू जपावी तशी ती छातीशी धरली, आणि “आधी नाव येऊ दे कागदात, मग जागेला तोंड फुटतंय का बघू,” म्हणत ती आतल्या खोलीत निघून गेली.