साधने उत्कृष्ट

राजश्रीबाईंनी तक्ता आखला तो अगदी लग्नाच्या यादीसारखा. प्रोजेक्टर शाळेचा, स्पीकर समाजमंदिरातला, खिडक्या झाकायला ठकूबाईंच्या गोधड्या, नदीवरची फिल्म पेनड्राइव्हमध्ये. गुरुवारी शिक्षणखात्याचे साहेब डिजिटल वर्ग बघायला येणार होते. वर्ग जमला नाही तर पोलादपूरच्या वरची ही शाळा बंद. मग सात पोरांनी आठ किलोमीटर उतरून नदीपलीकडे जायचं. पोरींना कोण धाडतंय तेवढ्या लांब?

बुधवारी वीज गेली. इन्व्हर्टर होता, पण त्याची बॅटरी कधीच मेलेली. बाई रडायच्याच बाकी राहिल्या.

"माझ्या व्हॅनची घ्या की, बाई!" दत्ताराम म्हणाला. खालच्या वाडीतून पोरं आणायचा तो हाच. "सकाळी आणून देतो."

बाईंनी तक्त्यात लिहिलं, 'बॅटरी: दत्ताराम', आणि सुटकेचा निःश्वास टाकला.

गुरुवारी दत्ताराम खांद्यावर बॅटरी घेऊन पाऊलवाटेनं घामाघूम वर आला. तारा जोडल्या. भिंतीवर नदी वाहू लागली.

"झकास! आणि पोरं कुठायत?"

"ती कवाची गाडीत बसलीत. बॅटरी दिली की लगेच त्यांना घेऊन..." दत्तारामनं जोडलेल्या बॅटरीकडे पाहिलं. "आयला!"

बाईंनी कपाळावर हात मारला. तेवढ्यात दारात साहेबांची जीप थांबली.

साहेबांनी रिकाम्या वर्गात बसून अख्खी फिल्म पाहिली. "मुलं?"

"येतीलच, सर. पाच मिनिटांत." खरं सांगायला बाईंची जीभ रेटेना.

साहेबांनी वीस मिनिटं वाट पाहिली, मग शेरा लिहिला: साधने उत्कृष्ट. उपस्थिती शून्य.

ते गेले तसा दत्ताराम बॅटरी उचलून धावला. अर्ध्या तासानं त्याचा फोन आला. "बाई, गाडी चालू झाली."

"मग आण ना पोरांना!"

"पोरं नायत. सायबांनी जीपमधून नेली. वाडीतली राहीबाई सांगत होती, सायबांना वर येताना पोरं गाडीत बसलेली दिसली, परत जाताना बी तितंच. शाळेत का नाय गेलात, इचारलं. पोरांतली साक्षी म्हणाली, आमची बॅटरी गेलीय शाळेत."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. शाळाबाह्य आढळलेली सात मुले नदीपलीकडच्या शाळेत दाखल केली आहेत. येथील शाळा बंद. उत्कृष्ट साधने तिकडे पोचवावीत.

दत्तारामनं प्रोजेक्टर व्हॅनमध्ये पोरांच्या जागेवर ठेवला.

"साक्षी जाते का रे शाळेत?" बाईंनी विचारलं.

"नाय, बाई. लांब पडतं."

त्यानं किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली.