विसाव्या हमिंगबर्डचा गळा

चित्राखाली पक्ष्याची जात लिहिलेली नसेल तर चित्र भिंतीवर लागणार नाही, असं वाचनालयाने ठणकावून सांगितलं आणि नानांनी कंबर कसली. बायकोने आजारपणात वीस हमिंगबर्ड रंगवले होते. जाती तिला तोंडपाठ, त्यामुळे एकाखालीही नाव नाही. ती जाऊन चार महिने झाले होते. निदान चित्रं तरी तिच्या नावाने चार लोकांनी बघावीत, एवढंच नानांना हवं होतं.

नानांचा जन्म प्रुफं तपासण्यात गेलेला. पक्ष्यांचा जाडजूड ग्रंथ उघडून, भिंग लावून त्यांनी चोची जुळवल्या, शेपट्या जुळवल्या. एकोणीस जाती सापडल्या. विसाव्याची चोच लालगळ्या जातीशी जुळत होती, गळा मात्र कोरा.

"बाबा, आईने तसाच काढला असेल," मुलगी म्हणाली.

"तसाच कसा? राहून गेलंय. हात चालत नव्हता तिचा शेवटी."

राहून गेलेलं भरायचं, ही हाडीमाशी खिळलेली सवय. नानांनी प्रुफांचं लाल पेन काढून गळ्यावर ठिपका दिला. शाई पसरली. टिपायला गेले तर छातीवर आली. छाती सारखी करताना पंखाला लागली. शेवटी पक्षी मारामारीतून सुटून आल्यासारखा दिसू लागला. नानांनी खाली ठसठशीत लिहिलं, 'लालगळ्या हमिंगबर्ड'.

वाचनालयाने पाठवलेल्या पक्षीतज्ज्ञ बाई विसाव्या चित्रापाशी थबकल्या.

"हा पक्षी जगात नाही, नाना. शेपटीची टोकं पांढरी आहेत ना, म्हणजे ही मादी. तिचा गळा पांढराच असतो. हा लाल रंग कुणी फासला?"

नाना खुर्चीत बसले. "म्हणजे चित्र पुरं होतं?"

"अगदी बिनचूक होतं हो. बाकीचे एकोणीस नर. नुसते मिरवणारे. घरटं, अंडी, पिल्लं, सगळं ही एकटी बघते."

"आणि नर?"

"तो फिरकतसुद्धा नाही."

बायको या खोलीत रंगवत होती तेव्हा नाना शेजारच्या खोलीत लोकांचे काने-मात्रे तपासत बसले होते. 'जरा बघता का?' असं तिने दोनदा विचारलंही होतं. नानांना स्वतःची लाज वाटली.

"हे एक बाजूला ठेवू या का?" बाईंनी हळूच विचारलं.

"नको. लावा." नानांनी जुनी ओळ खोडली आणि नवी लिहिली, 'मादी. चित्र बिनचूक. गळ्याची चूक नवऱ्याची.'

प्रदर्शनात सगळ्यांत जास्त हशा त्याच चित्रापाशी पिकला. नानाही सगळ्यांबरोबर हसत. मग शेपटीच्या पांढऱ्या टोकांवर बोट ठेवून, "बघा, तिने काहीच राहू दिलं नव्हतं," एवढं सांगायला जात आणि दर वेळी त्यांना अर्ध्यावरच थांबावं लागे.