रघुअण्णा आणि लेन्समधली बुरशी

रघुअण्णांच्या घरी तांदूळ गोणीत असतात आणि लेन्स हवाबंद डब्यात. पोलादपूरच्या ओलीत लेन्सला बुरशी लागते हे खरं. पण तांदळालाही लागते, याचं त्यांना काही वाटत नाही. "तांदूळ धुता येतात," म्हणतात. चपलांच्या दुकानांतून ते ओल शोषणाऱ्या पुड्या मागून आणतात. चप्पल घेतलेली मी कधी पाहिली नाही.

त्यांच्या फोटो स्टुडिओच्या वर मी बारा वर्षं राहतो आहे. अण्णांचा कॅमेरा डिजिटल, पण लेन्स सगळ्या जुन्या, हाताने रिंग फिरवून फोकस करायच्या. असली लेन्स कॅमेऱ्याला ओळखू येत नाही. 'लेन्स लावलेली नाही' असं पडद्यावर लिहून तो संप करतो. "नाय म्हणतो! मग हा काय वरवंटा लावलाय?" असं खडसावून अण्णा मेनूत शिरतात आणि त्याला लेन्सशिवाय चालायची परवानगी देतात.

तालुक्यात कोणाचाही कॅमेरा अडला की तो अण्णांकडे येतो. "आधी आपलं तपासा, मग यंत्राला बोला," हे त्यांचं स्वागतपर भाषण. बॅटरी भरली होती काय? मेमरी कार्डाचं कुलूप सरकलंय काय? माणूस कॅमेरा दुरुस्त करून नेतो, पण चेहरा चोरी पकडल्यासारखा.

यंदा पाऊस संपला तरी अण्णा हैराण होते. रोज सकाळी लेन्समध्ये टॉर्च मारायचे. "ह्या लेन्सला धुकं हाय. तिला पण. सगळ्यांना लागली रे बुरशी!" मला काहीच दिसेना. पण आपल्याला दिसत नाही ते ज्याला दिसतं, त्यालाच तज्ज्ञ म्हणतात.

अशात राधाआजीचा निरोप आला. आंबेनळी घाटाच्या वाटेवरच्या एका वाडीत ती एकटी राहते. मुंबईचे दोन्ही मुलगे चार वर्षांनी एकदम घरी आले होते आणि दुपारी निघणार होते. तिघांचा फोटो हवा होता. माझ्याकडे मोटारसायकल आहे, एवढ्याच पात्रतेवर मी सोबत गेलो.

तिघं अंगणात उभे राहिले. अण्णांनी बटण दाबलं. मी पडद्यावर पाहून सांगितलं: आजी पुसट, मागचा फणस मात्र पानापानाने स्वच्छ. अण्णांनी लेन्स बदलली. पुन्हा फणस. बॅटरी काढून घातली, लेन्स कॅमेऱ्याला जोडणारा ॲडॉप्टर पुसला. पुन्हा फणस.

"अण्णा, जाने दो ना," धाकटा म्हणाला. "मोबाइलवर मारतो, दोन सेकंदाचं काम."

"मोबायलातला तुज्याबरोबर मुंबैला जातो," आजी म्हणाली. "मला भिंतीवर हवाय. रघू, तू काढ रे. मी उभी हाय."

खाली रस्त्यावरून गाडीचा हॉर्न वाजला. थोरला घड्याळ बघू लागला. ही माणसं गेली की पुन्हा एकत्र कधी येतील, हे विचारायची कोणाची हिंमत नव्हती. अण्णांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी कॅमेऱ्याची काच पुसली, मग स्वतःचा डोळा पुसला, मग पुन्हा काच. आणि थांबले.

"इकडं ये," ते मला हळूच म्हणाले. "लेन्स बऱ्या हायत. धुकं माज्या डोळ्यात हाय. तू रिंग फिरव. तिच्या पापण्या दिसल्या की दाब."

बारा वर्षांत त्यांनी मला लेन्सचं झाकणसुद्धा काढू दिलं नव्हतं. रिंग फिरवता फिरवता आधी आजीची नथ दिसली, मग सुरकुत्या, मग एकेक पापणी. दाबलं.

मुलगे आईच्या पाया पडून धावत गाडीकडे गेले. हॉर्न दूर गेला तरी आजी हात हलवतच राहिली. अण्णांनी कॅमेरा अगदी नाकाशी धरला, तिरपा केला, उन्हातून सावलीत नेला. शेवटी माझ्याजवळ आले आणि तिला ऐकू जाणार नाही अशा बेताने विचारलं,

"म्हातारी हसली काय रे?"