कर्नलसाहेबांचा चिमटा

कर्नल सर्जेराव मगदूम कुणाला नमस्कार करत नाहीत. ते चिमटा काढतात.

म्हणजे ते हात पुढे करतात. आपल्याला वाटतं, शेकहँड करायचाय, म्हणून आपण भोळेपणानं हात देतो. मग ते आपला हात पालथा करतात, वरची कातडी दोन बोटांत धरून उचलतात, सोडून देतात आणि टक लावून बघत राहतात. कातडी झटकन खाली बसली, तर आपण पास. रेंगाळत बसली, तर "पाणी कमी हाय" असा निकाल तिथल्या तिथं लागतो. एकदा चंदीगडच्या सेक्टर सतरातल्या बँकेत त्यांनी मॅनेजरलाच नापास केलं होतं. त्या बिचाऱ्यानं पाणी प्यायल्याशिवाय यांनी चेकवर सही केली नाही.

कर्नलसाहेब सैन्यात जनावरांचे डॉक्टर होते. मूळचे कोल्हापूरकडचे. घोडी, खेचरं, कुत्री, डेअरीच्या गायी असं सगळं सांभाळत देशभर फिरले आणि निवृत्तीनंतर चंदीगडलाच राहिले. आसपासच्या गावांतले लोक त्यांना 'डंगर डाक्टर' म्हणतात. डंगर म्हणजे गुरंढोरं. कर्नल म्हटलं तर ते नुसते हूं म्हणतात. डंगर डाक्टर म्हटलं की मात्र मिशीत हसतात.

मी नाशिकहून इथल्या आयटी पार्कमध्ये नोकरीला आले आणि त्यांच्या वरच्या मजल्यावरची खोली बघायला गेले, तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, स्वयंपाक येतो का विचारलं नाही, मित्रमंडळी किती येतील तेही विचारलं नाही. चिमटा काढला, आत गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले आणि म्हणाले, "हे संपव, मग खोली दावतो." मी ते संपवलं. खोली मिळाली.

त्यांच्या बैठकीत टीपॉयवर तो तांब्या कायम असतो, शेजारी दोन भांडी. एक उपडं, एक सुलटं. उपडं काकूंचं, त्यांच्या बायकोचं. मी यायच्या आदल्या वर्षी काकू गेल्या. ते भांडं आत ठेवून द्यायचं कर्नलसाहेबांच्या मनात आलं नसावं, आणि कामवालीची तेवढी हिंमत झाली नसावी.

पाण्यावर ते बोलायला लागले की ऐकणाऱ्याची धडगत नसते. "म्हशीला पेंड घालत्यात, सरकी घालत्यात, बाटल्याच्या बाटल्या टॉनिक पाजत्यात. आनि पानी? दिसातनं दोनदा बादली दावायची! दूध म्हंजे काय गं? पानीच की! पानी तोडलंस की दूध तुटलं." त्यांचं ब्रीदवाक्यच आहे: आधी पाणी, मग वैरण, मग औषध. पंजाबी लोकांसाठी त्याची स्थानिक आवृत्तीही आहे: "पैलां पाणी, फेर पट्ठे, फेर दवाई." कुठल्याही गोठ्यात गेले की आधी हौदात कोपरापर्यंत हात घालून आतून बुळबुळीत लागतं का बघतात. लागलं, की मालकाच्या हातात घासणी देतात आणि स्वतः बाजूला उभे राहून देखरेख करतात. थंडीत, धुकं पडलेलं असताना, गार पाण्याला म्हैस तोंड लावत नाही म्हणून गावोगाव 'कोमट करा' सांगत हिंडतात. स्वतः मात्र अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर.

माणसांची आणि जनावरांची शास्त्रं वेगळी असतात, हे त्यांना मान्य नाही. माझ्या ऑफिसबद्दल त्यांनी एकच प्रश्न विचारला होता. "पान्याचं मशीन तुझ्या टेबलापासनं किती लांब?" मी म्हटलं, पार त्या टोकाला. "मग बरोबर. बांधलेल्या जनावराला पानी लांब ठेवलं की ते पीतच न्हाई. तुमचा गोठा चुकलाय." दुसऱ्या दिवशी मी ही गोष्ट टीममध्ये सांगितली. तेव्हापासून आमच्या मजल्याला सगळे गोठाच म्हणतात, आमचा सरदार मॅनेजरसुद्धा.

रोज संध्याकाळी मी घरी आले की जिन्यात पावलं वाजायची. दारात कर्नलसाहेब, हातात स्वतःचं भांडं. "पानी प्यालीस काय?" मग चिमटा. मग मी पाणी प्यायचं, त्यांनी समोर उभं राहून स्वतःचं भांडं रिकामं करायचं आणि खाली जायचं. पहिले काही दिवस मला वैताग यायचा. नंतर सवय झाली.

यंदा मे महिन्यात त्यांच्या मुलीचा, सुनंदाताईंचा, पुण्याहून मला फोन आला. "जरा लक्ष ठेव हं. बाबा पाणीच पीत नाहीत."

मी हसलेच. म्हटलं, "ताई, अहो, कुणाबद्दल बोलताय?"

"बाबांबद्दलच. गेल्या उन्हाळ्यात, तू यायच्या आधी, चक्कर येऊन पडले, दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. यंदा पुन्हा तसं झालं, तर मी काही ऐकणार नाही. घराला कुलूप लावून त्यांना इकडे घेऊन येणार. त्यांनाही सांगितलंय तसं."

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मी खाली जाऊन सरळ विचारलं. कर्नलसाहेब खवळले. "सुनंदाला काय कळतंय? मी प्यातो की! आनि पुन्याला जाऊन करू काय? चौथ्या मजल्यावर म्हशी हाईत काय तिच्या?" आवाज चढा होता, पण चेहरा उतरला होता. पुण्याला जायचं म्हणजे त्यांचा हा सगळा गोतावळा सुटायचा.

त्याच आठवड्यात रविवारी सकाळी बलविंदर दारात उभा. शहराच्या कडेला त्याचं गाव, आणि गावात त्याचा गोठा. "डाक्टर साब, नवीं मज्झ पाणी नी पींदी." मंडीतून आणलेली नवी म्हैस कालपासून पाण्याला शिवली नव्हती. दूध आटत चाललं होतं. कर्नलसाहेबांनी मला हाक मारली. "चल गं, गाडी तू चालव. बघ तरी खरा गोठा कसा असतोय."

म्हैस काळीभोर, देखणी, पण डोळे खोल गेलेले. कर्नलसाहेबांनी आधी तिच्या मानेला चिमटा काढला. कातडी तशीच उभी राहिली. त्यांनी तिची वैरण थांबवायला सांगितली; कोरडा भुसा पोटात जाऊन त्याचा गोळा होईल म्हणाले. टब नवा प्लास्टिकचा होता, त्याला वास येत होता, तो बदलला. गूळ घालून पाहिला. बादली तोंडापाशी धरून "पी गं माझ्या राणी" असं अस्सल कोल्हापुरीत आर्जव केलं. म्हैस ढिम्म.

मग त्यांनी मागं वळून बाकीच्या म्हशी शोधल्या. "बाकी मज्झां कित्थे?"

नवी म्हैस बाकीच्यांशी भांडू नये म्हणून बलविंदरनं तिला पलीकडच्या छपरात एकटीलाच बांधलं होतं. कर्नलसाहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "भुरीला आण."

भुरी ही त्याची म्हातारी, पोक्त म्हैस. ती आली, नव्या म्हशीकडे ढुंकूनही न बघता तिनं टबात तोंड बुडवलं आणि घुटुक घुटुक असा सगळ्या गावाला ऐकू जाईल असा आवाज सुरू केला. नवीचे कान वळले. मग मान वळली. एक पाऊल पुढं आली, हुंगलं, थांबली. आणि तिनं तोंड लावलं, ते टबाचा तळ दिसेपर्यंत काढलंच नाही.

"जनावर कळपाचं असतंय, पोरी," कर्नलसाहेब हळूच म्हणाले. "तहान असती तिला. पन एकटीनं प्यायचं मनात येत न्हाई."

बलविंदरच्या आईनं आम्हाला पाणी आणून दिलं. कर्नलसाहेब पेला हातात धरून उभे राहिले. मी प्यायला सुरुवात केली, मगच त्यांनी पेला ओठांना लावला. हे मी पाहिलं, पण तेव्हा त्याचा अर्थ लावला नाही.

जूनमध्ये ऊन असं तापलं की स्कूटरचं हँडल धरवेना. ऑफिसात काम वाढलं आणि दोन-तीन दिवस मला घरी यायला उशीर झाला. मी यायचे तेव्हा खालचा दिवा मालवलेला असायचा. मग एक दिवस वेळेवर आले, तर जिन्यात पावलं वाजली नाहीत. मी खाली गेले. कर्नलसाहेब आरामखुर्चीत डोळे मिटून बसले होते. ओठ सुकलेले. टीपॉयवर त्यांचं भांडं काठोकाठ भरलेलं आणि पाण्यावर धुळीचा पातळ थर.

"काका, पाणी प्यालात?"

"प्यालो की."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि चिमटा काढला. कातडी उभीच्या उभी राहिली.

"म्हातारं कातडं हाय ते," ते नजर चुकवत म्हणाले. "ते असंच ऱ्हातंय. सुनंदाला फोन करू नगंस."

तेव्हा मला जिन्यातल्या त्या पावलांचा अर्थ लागला. ते रोज वर येत होते ते मला पाणी पाजायला नव्हे, स्वतःला पिता यावं म्हणून. आणि मी सुरुवातीला त्या माणसाला वैतागले होते! ओरडून काही उपयोग नव्हता. बादली तोंडापाशी धरून काय होतं ते मी पाहिलं होतं. त्यांच्या भांड्यातलं पाणी बदललं. मग काकूंचं उपडं भांडं सुलटं केलं, विसळलं, भरलं, त्यांच्या शेजारी बसले आणि प्यायला लागले. चांगला घुटुक घुटुक आवाज करून.

त्यांनी एक डोळा उघडला. "भुरीसारखी प्यातीस की गं."

मी तशीच पीत राहिले. थोड्या वेळानं त्यांचा हात टीपॉयकडे गेला. भांडं रिकामं करूनच त्यांनी खाली ठेवलं.

"तुझी काकू आधी प्यायची," ते म्हणाले. "मला हाकसुद्धा मारायची न्हाई. नुस्ती येऊन शेजारी बसायची."

मग त्यांनी माझा हात ओढून घेतला, पालथा केला आणि चिमटा काढून नेहमीसारखे बघत राहिले.

"तुझं बी सावकाश बसतंय," ते म्हणाले. "एवढ्या लांब एकटी ऱ्हातीस. तुला तरी कोन हाय पानी विचारायला?"

मी दोन्ही भांडी पुन्हा भरली.