न जन्मल्याचा दाखला

आता सांगतो त्यावर तुमचा विश्वास बसणार नाही. कोरेगावात शमशेर टेलरच्या दुकानात, जूनमध्ये शाळेच्या गणवेशाची मापं द्यायला आलेल्या मंडळींनाही मी हेच आधी बजावलं होतं. म्हटलं, जिथं थाप वाटेल तिथं हात वर करा. एक जरी हात वर झाला, तर सगळ्यांचा चहा या धोंडीबाकडून.

ही ब्याण्णव सालची हकिकत. माझ्या लेकीचं, प्रियंकाचं, पहिलं बाळंतपण. पहिलं म्हणजे माहेरीच, म्हणून मी तिचं नाव पाचव्या महिन्यातच साताऱ्याच्या माता-अर्भक नोंद कार्यालयात घालून ठेवलं. अपेक्षित तारीख दहा ऑगस्ट. परंतु सदर अर्भकाने कोणतीही पूर्वसूचना न देता एक जूनलाच हजेरी लावली. प्रियंका तेव्हा सासरी, आष्ट्याला. मूल सांगलीच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं. वजन दीड किलो. शमशेरची कोळशाची इस्त्री त्याहून जड.

तिसऱ्या दिवशी टाचेतून रक्ताचे थेंब काढून टिपकागदावर घेतले. थायरॉइड ठीक निघालं. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "फार लवकर आलेल्या बाळांची ही गळ्यातली ग्रंथी पहिल्या तपासणीला फसवते. दोन आठवड्यांनी पुन्हा बघायचं. ती मंद असली आणि आपण गाफील राहिलो, तर मेंदूची वाढ मागं पडते. मग कितीही गोळ्या द्या, गेलेलं परत येत नाही."

दुसरा टिपकागद मात्र नोंद जिथली, तिथूनच आणायचा. हे आम्हाला कळलं तेव्हा हातात उरले चार दिवस. आणि स्थिती अशी, की सांगलीकडे मूल होतं पण नोंद नव्हती, साताऱ्याकडे नोंद होती पण मूल नव्हतं.

मी आणि माझी बायको येसूबाई साताऱ्याला गेलो. आप्पासो नावाच्या कारकुनानं रजिस्टर उघडलं, तारखेवर बोट ठेवलं.

"तुमचं मूल अजून जन्मायचंय. दहा ऑगस्टला या."

"आवं, जलमलंय की!" येसूबाई म्हणाली. "ह्या हातात घेटलंय मी."

"हातात घेतलं असेल. रजिस्टरात घेतलेलं नाही."

"मग घ्या की आता."

"सांगलीत झालेला जन्म इथं लिहिला, तर एका मुलाचे दोन जन्म होतील. लेखी खुलासा कोण देणार?" मग त्याला आमची दया आली. "एक तरतूद आहे. न जन्मलेल्या नोंदीला आगाऊ टिपकागद देता येतो. फक्त मूल जन्मलेलं नाही, असा गावच्या ग्रामसेवकाचा दाखला जोडा."

मी दुकानात नजर फिरवली. एकही हात वर नव्हता.

आमचा ग्रामसेवक नाथाजी भला माणूस. म्हणाला, "दाखला देतो की. पर पडताळणी करायला लागती. मूल समक्ष आणा."

"जे जलमलंच न्हाई त्ये समक्ष कसं आणू रं?"

"न बघता सही केली, तर उद्या माझी चौकशी लागंल, धोंडीबा."

पेटीतलं लेकरू हलवता येईना. शेवटी मी सांगलीहून त्याच्या पावलाचा शाईचा ठसा घेऊन आलो. दीड बोटाचा. तो निरखून नाथाजीनं लिहून दिलं, 'पावलाचा ठसा समक्ष पाहून खात्री केली की, सदर अर्भक अद्याप जन्मलेले नाही.' यात तीन दिवस गेले.

शमशेरनं कात्री थांबवली. "ठसा डाव्या पायाचा का उजव्या?"

"डाव्या."

"मग बरोबर हाय," म्हणाला आणि पुन्हा कापायला लागला.

चौथ्या दिवशी आप्पासोनं दाखला उजेडात धरून पाहिला. "दाखला चोख आहे. पण न जन्मलेल्याला टाच कुठली? रक्त काढणार कशातून? हा धोरणाचा प्रश्न झाला. साहेब ठरवतील."

साहेब आतल्या खोलीत खुर्चीत झोपले होते. त्यांना उठवण्याची तरतूद नव्हती.

आता येसूबाईचा धीर सुटला. "आवं, संध्याकाळपातुर कागद न्हाई गेला तर लेकराचं डोस्कं कायमचं मंद हुईल! डॉक्टरीणबाईंनी बजावलंय, लय झोपतंय का बघा, हाक मारल्यावर बघत न्हाई, हातपाय गार, हालचाल मंद, पोट साफ न्हाई. असं दिसलं की अजाबात थांबायचं न्हाई!"

आप्पासोचा चेहरा उतरला. आतल्या खोलीकडं बघत तो कुजबुजला, "आवं, आमच्या सायबांचं तर बारा वर्सं असंच हाय."

"आन् मग," मी दुकानात म्हणालो, "सायेब जागं झालं. सोता खुर्चीतनं उठलं, सोता कपाट उघडलं. टिपकागद माझ्या हातात देऊन म्हनले, 'धोंडीबा, आधी लेकरू, मग रजिस्टर.' सांजच्याला आमी सांगलीत. दुसऱ्या रक्तात ग्रंथी मंद निघाली आन् येळंवर गोळी सुरू झाली!"

दुकानातले झाडून सगळे हात वर गेले. शमशेरचा तर कात्रीसकट. तुमचाही गेला असेलच. पण मघाशी तो दाखला वाचताना तुमचा हात कुठं होता, तेवढं आठवून बघा.

माझी नात दीक्षा, तीच काचेच्या पेटीतली, गळ्याला टेप लावून कॉलरचं माप देत उभी होती. सातव्या वर्षी तिसरीच्या मुलांचे पाढे दुरुस्त करणारी पोर. ती टेपातूनच ओरडली, "आबा, थाप! सायेब उठलाच न्हाई. आजीनं निजल्याल्या सायबाच्या खिशातनं किल्ली काढली व्हती!"