कपाटापुढची दोन मिनिटं

नोकरीत कायम व्हायचं असेल तर उमेदवाराने स्वतःच्या घरात बसून, 'माझं कुटुंब, माझी ताकद' या विषयावर दोन मिनिटांचा व्हिडिओ करून पाठवावा, असा आदेश आमच्या कार्यालयाने काढला. अटी साध्या होत्या. भिंत स्वच्छ असावी, आवाज नसावा आणि वागणं नैसर्गिक असावं. नैसर्गिक वागायला जमलं नाही, तर सोमवारपासून मी बेकार होणार होतो.

बाबांनी तातडीने चित्रीकरण समिती नेमली. अध्यक्ष अर्थातच ते. मोबाइल धरायचं काम ताईकडे. आईलाही सदस्य करावं असं ताईने सुचवलं. पण आई आत चहा करत होती, म्हणून तिला गैरहजर धरण्यात आलं.

पहिला विषय भिंत. खुर्चीमागे ओलीचा डाग होता आणि मोबाइलमध्ये तो माझ्या डोक्याला शिंग फुटल्यासारखा दिसे. डागापुढे कपाट सरकवायचा ठराव एकमताने मंजूर झाला. कपाट अगदी चपखल बसलं. त्यामागे स्वयंपाकघराचं दारही गेलं, ही बाब संध्याकाळपर्यंत कुणाच्या लक्षात आली नाही. आई एरवीही आतच असते. चहा कसा आला नाही, एवढी तक्रार मात्र बाबांनी नोंदवली.

दुसरा विषय आवाज. पंखा बंद केला. घड्याळाचा सेल काढला. मग बाबांचा श्वास ऐकू यायला लागला. त्यांनी तो रोखून पाहिला, पण दोन मिनिटं काही जमेना. शेवटी अध्यक्ष स्वतःहून जिन्यात जाऊन बसले. शेजारच्या काकूंनी बाहेर का बसलात म्हणून विचारलं.

"आत मुलगा माझ्याबद्दल चांगलं बोलतोय," बाबा म्हणाले.

ताईची सावली कपाटावर पडत होती. डब्याला मोबाइल टेकवून तीही जिन्यात गेली. घरात मी एकटा उरलो. घाम पुसला, नैसर्गिक हसलो आणि सुरू केलं, "माझं कुटुंब सदैव माझ्या पाठीशी..."

पाठीमागून टकटक झाली.

"अरे, कपाट सरकव. मैत्रिणीकडे जायचंय मला. वर्षभराने जमलंय."

"आई, दोनच मिनिटं."

"सकाळपासून तुझी दोनच मिनिटं चाललीत."

मी प्रकरण जिन्यात समितीपुढे ठेवलं. कपाट हलवलं तर डाग दिसणार, डाग दिसला तर नोकरी जाणार. तेव्हा सदर सदस्येच्या मागणीचा चित्रीकरणानंतर सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, असं ठरलं. निर्णय मी फटीतून आईला वाचून दाखवला.

"बरं," आई म्हणाली. आणि टकटक करत राहिली, हळू, एका तालात. ती काही थांबेना आणि मुदत तर संपत आलेली. टकटकीसकट तसाच व्हिडिओ करून पाठवून दिला.

कार्यालयाचं उत्तर लगेच आलं. 'पार्श्वसंगीत काळजाच्या ठोक्यासारखं. अत्यंत नैसर्गिक. आपणास कायम करण्यात येत आहे. यापुढे दर महिन्याला असाच व्हिडिओ पाठवावा. भिंत व संगीत बदलू नये.'

त्यामुळे कपाट तिथेच आहे. ताटं फटीतून येतात, वेळेवर आणि गरम. मैत्रीण मागच्या गल्लीत, खिडकीखाली उभी राहून आईशी गप्पा मारते. समितीवर आईसाठी एक जागा बाबांनी राखून ठेवली आहे. पण बैठका जिन्यात होतात आणि ती येत नाही.

व्हिडिओ कार्यालयाने सर्वांसाठी खुला केला आहे. बहुधा तुम्हीही पाहिला असेल. टकटक ऐकून भल्याभल्यांचे डोळे पाणावले म्हणे. ती कोण करतंय, असं अजून कुणी विचारलेलं नाही. खाली सगळ्यांनी एकच लिहिलंय.

'आमच्याही घरी अगदी असंच आहे.'